व्हीएफएक्सची फी भरण्याआधी एक तार पुसून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुरवण्यांमध्ये ॲनिमेशन-व्हीएफएक्सच्या जाहिराती सुरू होतात. वर आग ओकणारा ड्रॅगन, खाली 'शंभर टक्के प्लेसमेंट' आणि फोन नंबर. फीचा आकडा जाहिरातीत नसतो. तो समुपदेशनाच्या खुर्चीत बसल्यावर कळतो आणि बहुतेकदा लाखात जातो. आम्ही पुण्यात कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रे जोडून एकच शॉट घडवण्याचे काम, करणारे आणि नवख्यांचे शॉट तपासणारे काही जण आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की पहिला हप्ता भरण्याआधी मुलाने किंवा मुलीने घरच्या संगणकावर, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन महिने हे काम करून पाहावे. ते आवडते का, यापेक्षा ते सोसते का, हे त्यातून कळते. कसे करायचे ते पुढे दिले आहे. पत्र लांबणार आहे; जागेअभावी कात्री लावावीच लागली तर आमच्या मतांना लावा, पुढे येणाऱ्या अल्फाच्या (पारदर्शकतेच्या गणिताच्या) परिच्छेदाला नको.

जाहिरातीतला ड्रॅगन घडवणारे, त्याला चालवणारे आणि त्याच्यावर प्रकाश टाकणारे लोक वेगळे असतात. कंपोझिटरकडे येते ते या सगळ्यांचे साहित्य: कॅमेऱ्याने टिपलेली प्लेट, थ्रीडीतून रेंडर होऊन आलेला ड्रॅगन, कुणी रंगवलेले आकाश, वेगळा चित्रित केलेला धूर. हे सारे एकाच लेन्समधून, एकाच उन्हात टिपल्यासारखे बसवायचे. त्या खुर्चीवर पहिल्या दिवशी सहसा कुणाला बसवत नाहीत. नवखा आधी रोटो करतो, म्हणजे फ्रेममागून फ्रेम माणसांच्या आणि वस्तूंच्या कडा आखून मॅट (कुठला भाग ठेवायचा, कुठला लपवायचा ते सांगणारे काळे-पांढरे चित्र) तयार करतो. नाहीतर पेंट-प्रेप करतो, म्हणजे तारा, दोऱ्या, ट्रॅकिंगच्या खुणा पुसतो. सुरुवातीचा बराच काळ हेच काम असते. जाहिरातीत 'रोटो' हा शब्द सहसा सापडत नाही, म्हणून आधीच सांगितले.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. न्यूक हे या धंद्यातले मुख्य हत्यार. १९९० च्या दशकात ते डिजिटल डोमेन या अमेरिकी स्टुडिओने स्वतःच्या कामासाठी बनवले. २००७ पासून ते लंडनच्या फाउंड्रीकडे आहे. त्याची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट मिळते. तिच्यातून १९२० बाय १०८० पेक्षा मोठे चित्र बाहेर पडत नाही आणि तिच्यावर कमाईचे काम करता येत नाही. शिकणाऱ्याला या दोन्ही अटी चालण्यासारख्या आहेत. दा विंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फ्यूजनचे पान आहे, ब्लेंडरमध्ये स्वतःचा कंपोझिटर आहे. तिन्हींत नोड, म्हणजे एकेका क्रियेचे ठोकळे, जोडून काम चालते, त्यामुळे एकातले शिकलेले दुसऱ्यात वाया जात नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये थर एकावर एक रचतात. मोशन ग्राफिक्सला ते उत्तम, पण शंभर पायऱ्यांच्या शॉटमध्ये कुठला थर कुठे नडतो आहे हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. क्रॅक केलेले न्यूक पेन ड्राइव्हवरून फिरत असते. कायदेशीर फुकट मिळत असताना ते कशाला?

संगणकाचा हिशेब सोपा आहे. न्यूक आतमध्ये प्रत्येक चॅनलला ३२ बिट वापरते. एचडी फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल, प्रत्येकाचे चार चॅनल, प्रत्येक चॅनलचे चार बाइट. झाली एक फ्रेम ३३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने चार सेकंदांचा शॉट म्हणजे १०० फ्रेम, म्हणजे ३.३ जीबी, आणि तेही एकाच टप्प्याचे. म्हणून १६ जीबी रॅम ही किमान. ३२ असेल तर सुख. महागड्या ग्राफिक्स कार्डाआधी एसएसडी घ्यावी. पेन टॅब्लेट रोटो-पेंटला फार उपयोगी, पण पहिल्या महिन्यात माउसवर भागते. पडद्यावरचा 'नाइट लाइट' मात्र कायमचा बंद करा. पिवळट पडद्यावर रंग जुळवला की डोळा नकळत निळा वाढवतो आणि दुसऱ्याच्या मॉनिटरवर शॉट थंडगार दिसतो.

सराव कशावर करायचा? ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ च्या 'टिअर्स ऑफ स्टील' या लघुपटाचे मूळ कॅमेरा-फुटेज मोकळ्या परवान्याखाली दिले आहे. ते जरूर उतरवून घ्या. पण किमान दोन प्लेट स्वतः चित्रित कराव्यात, कारण शॉट बिघडतो तो बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या जागीच, आणि ते हाताने केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. मोबाइल चालतो, पण त्याला मोकळे सोडायचे नाही. मॅन्युअल नियंत्रणे देणारे ॲप घ्या. फ्रेमची गती २५, शटर एक पन्नासांश, फोकस आणि व्हाइट बॅलन्स कुलूपबंद, आयएसओ जमेल तितका खाली, एचडीआर बंद, आणि स्टॅबिलायझेशन आठवणीने बंद. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन प्रत्येक फ्रेम वेगळी कापते आणि ताणते. कॅमेरा ट्रॅक करताना, म्हणजे फुटेजवरून कॅमेऱ्याची हालचाल शोधताना, सॉफ्टवेअरला एक लेन्स सापडतच नाही, आणि विद्यार्थी रात्रभर ट्रॅकरला शिव्या घालत बसतो. शटरचा आकडाही उगाच नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक पन्नासांशात दोन पूर्ण लुकलुकी बसतात आणि उजेड सारखा पडतो. मोबाइल नेहमीच्या ३० फ्रेम आणि एक साठांशावर ठेवला तर आडवे काळपट पट्टे फिरताना दिसतात आणि ते काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. बरेच मोबाइल फ्रेमची गती मध्येच कमी-जास्तही करतात. म्हणून व्हिडिओ जशीच्या तशी वापरू नका; आधी स्थिर २५ वर आणून तिची चित्रमालिका काढा, एक फ्रेम एक फाइल. क्रमांक १००१ पासून द्या. स्टुडिओत हीच पद्धत आहे, कारण पुढे एडिटरने सुरुवातीला आठ फ्रेम वाढवून मागितल्या तर ९९३ वर जाता येते, शून्याखाली जावे लागत नाही.

चित्रीकरण ४के मध्ये करा आणि काम एचडीत. यामागे पुसटपणा लपवण्यापलीकडचे कारण आहे. मोबाइल उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला साठवतो, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एकदाच. ३८४० बाय २१६० च्या चित्रात रंगाचे नमुने १९२० बाय १०८० असतात. एचडीत उतरवले की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो आणि हिरव्या पडद्यावरची केसांची कड पायऱ्यापायऱ्यांची होत नाही. न्यूकच्या फुकट आवृत्तीची मर्यादा इथे आपसूक पथ्यावर पडते.

आता लिनिअर, म्हणजे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणातले आकडे. मोबाइलच्या फाइलमधले आकडे तसे नसतात, पडद्यासाठी वळवलेले असतात. १८ टक्के प्रकाश परतवणारा करडा पुठ्ठा प्रकाशाच्या मोजमापात ०.१८, एसआरजीबी फाइलमध्ये तोच ०.४६, म्हणजे २५५ पैकी ११८ वर बसतो. मिसळणे, धूसर करणे, प्रकाश वाढवणे ही सगळी गणिते खऱ्या प्रकाशाच्या मापात करायची असतात. काळा आणि पांढरा निम्मे-निम्मे मिसळून बघा: लिनिअरमध्ये उत्तर पडद्यावर १८८ येते, वळवलेल्या आकड्यांवर केले तर १२८. दुसऱ्या उत्तरात प्रकाश हवा त्याच्या निम्माही नाही. म्हणून चित्र आत घेताना कलरस्पेस तपासणे ही पहिली सवय. जेपीजी-पीएनजी एसआरजीबी म्हणून, ईएक्सआर लिनिअर म्हणून, आणि डेप्थ (कॅमेऱ्यापासूनचे अंतर) किंवा मॅटसारखी आकडेवारी 'रॉ' म्हणून, न वळवता. एवढे करूनही मोबाइलच्या प्लेटमधले दिवे डिफोकस केल्यावर, म्हणजे फोकसबाहेर असल्यासारखे धूसर केल्यावर, राखाडी पडतात. त्याचे कारण वेगळे: आठ बिटांत दिव्याचा खरा उजेड १.० वर छाटला गेलेला असतो, प्रत्यक्षात तो २० किंवा ५० असतो. डिफोकसच्या आधी दिव्यांपुरता उजेड चढवावा लागतो. ईएक्सआर फाइलमध्ये १.० च्या वरचे आकडे जपले जातात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने ते स्वरूप १९९९ मध्ये घडवले आणि २००३ मध्ये सर्वांना खुले केले. आज बहुतेक मोठे स्टुडिओ त्यावरच चालतात.

आणि अल्फा. लाल, हिरवा, निळा यांच्या सोबतीला चौथा चॅनल: पिक्सेल किती भरलेला आहे ते सांगणारा, ० ते १. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी ही कल्पना काढली, आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी तिचे गणित मांडले. तेच 'ओव्हर' आजही जसेच्या तसे वापरात आहे: पुढचे चित्र, अधिक मागचे चित्र गुणिले एक वजा अल्फा. यात पुढचे चित्र स्वतःच्या अल्फाने आधीच गुणलेले असते, म्हणजे प्रीमल्टिप्लाय केलेले असते, असे गृहीत आहे. नवख्यांच्या शॉटमध्ये माणसाभोवती काळी किंवा पांढरी रेघ दिसते ती बहुतेक इथूनच येते. आकडे घालून पाहू. केसाचा खरा रंग ०.२, कडेच्या पिक्सेलचा अल्फा ०.५, मागे आकाश ०.८. गुणलेला केस ०.१, त्यात आकाशाचे ०.४, उत्तर ०.५. बरोबर. गुणाकार दोनदा झाला तर केस ०.०५ उरतो, उत्तर ०.४५, आणि कडेला काळी रेघ. झालाच नाही तर ०.२ अधिक ०.४, म्हणजे ०.६, आणि पांढरी रेघ. आमटीत मीठ दोनदा पडले किंवा पडलेच नाही, असा हा प्रकार. फरक इतकाच, की इथे आधी चव घेऊन पाहता येते. अल्फा चॅनल उघडा आणि रंगाशी ताडून पाहा: अल्फा शून्य आहे तिथे रंगही शून्य असेल, तर चित्र गुणलेले आहे असे धरायला हरकत नाही.

रंग दुरुस्त करताना ही चूक पुन्हा वर येते. गुणलेल्या चित्रावर गॅमा १.५ लावला तर कडेचा ०.१ हा ०.२१५ होतो. आधी अल्फाने भागून, ०.२ वर गॅमा लावून, परत गुणले तर तो ०.१७१ होतो. कड उजळून निघते ती या फरकामुळे. म्हणून क्रम ठरलेला: अनप्रीमल्ट, रंगदुरुस्ती, प्रीमल्ट. नुसता गुणाकार, म्हणजे गेन, असेल तर या फेऱ्याची गरज नाही. पण काळ्याला उचलणारा ऑफसेट असेल, समजा ०.०५ चा, तर हा फेरा घेतलाच पाहिजे. नाहीतर अल्फा शून्य असलेल्या रिकाम्या जागेतही ०.०५ चा उजेड भरतो आणि अख्खी पार्श्वभूमी धुरकट होते. ही दोन गणिते कागदावर सोडवून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बटणे कुठली दाबायची हे कुणीही दाखवेल.

रोटोसाठी रस्त्यावरून चालत जाणारा माणूस घ्या, चार सेकंद. अख्ख्या माणसाभोवती एकच आकार ओढणे ही हमखास चूक. डोके, धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल असे वेगळे आकार करा आणि सांध्यांवर ते एकमेकांवर चढू द्या. प्रत्येक आकाराला कमीत कमी बिंदू: दंडाला आठ पुरतात, चाळीस घातले तर ते सांभाळता येत नाहीत. की-फ्रेम, म्हणजे आकाराची जागा हाताने ठरवून दिलेली फ्रेम, प्रत्येक फ्रेमला ठेवायची नाही. टाच टेकते ती फ्रेम, पाय पायाजवळून जातो ती फ्रेम, अशा हालचालीच्या टोकांवर ठेवा, मग दोन टोकांच्या मध्यावर तपासा, चुकत असेल तरच आणखी एक. आकार आधी पूर्णच्या पूर्ण हलवा आणि फिरवा. सुटे बिंदू शेवटी. प्रत्येक फ्रेमला बिंदू हाताने सरकवले की थांबलेल्या फ्रेमवर सगळे ठीक दिसते, पण चालवल्यावर कड उकळल्यासारखी थरथरते. एक पन्नासांश शटर म्हणजे अर्ध्या फ्रेमइतकी हालचाल धूसर झालेली असते. आकार त्या धूसर पट्ट्याच्या मधोमध ठेवा, बाहेरच्या काठावर नको, आणि मोशन ब्लर ०.५ वर चालू करा. मोकळ्या केसांना आकार ओढत बसू नका. केसांची कड 'की'ने (रंग किंवा उजेड ओळखून मॅट काढण्याच्या पद्धतीने) किंवा पेंटने काढतात.

शीर्षकातली तार आता घेऊ. कसबा किंवा सदाशिव पेठेत जुन्या वाड्यासमोर उभे राहा. दर्शनी भिंतीसमोरून केबलच्या तारांची जाळी गेलेली असतेच. महापालिकेने ती काढण्याआधी सराव उरकून घ्या. रस्त्यावरून हातात मोबाइल धरून, किंचित हलता शॉट घ्या. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, तिकडे जाऊ नका. काम एवढेच: १०० फ्रेममधून एक तार नाहीशी करायची.

तार भिंतीला चिकटलेली नसते, ती भिंतीच्या हातभर पुढे लोंबते. कॅमेरा सरकला की तार एका गतीने सरकते, मागची भिंत दुसऱ्या. त्यामुळे दोन ट्रॅक लागतात. भिंतीचा प्लेनर ट्रॅक, म्हणजे सपाट पृष्ठभागाच्या हालचालीचा माग, काढा. त्यासाठी विटा, चौकट, खिडकीचे कोपरे असा ठोस भाग निवडा आणि ट्रॅकच्या क्षेत्रातून तारा वगळा. तार आणि खिडकीची कड एकमेकींना छेदतात तिथे ठळक कोपरा दिसतो आणि ट्रॅकर त्याला झटकन पकडतो, पण तो कोपरा खोटा आहे: दोन वेगळ्या अंतरांवरच्या वस्तूंच्या छेदातून झालेला, कॅमेऱ्याबरोबर घरंगळणारा. आता मधली एक फ्रेम घ्या, समजा १०५०. तिच्यातले ग्रेन (चित्रातले हलते दाणे) काढा, आणि क्लोन ब्रशने शेजारच्या विटा आणून त्या एका फ्रेमवर तार पुसा. विटांच्या रांगा आणि चुन्याच्या रेषा जुळल्या पाहिजेत. डोळ्याला तुटलेली रेषा लगेच सापडते. ती फ्रेम गोठवा, आणि भिंतीच्या ट्रॅकने १०० फ्रेमभर चालवा. हा झाला पॅच. पॅच दिसायचा तो फक्त तारेच्या जागी, म्हणून तारेच्या आकाराचा मुखवटा करा, तीन-चार पिक्सेल मऊ कडेचा, आणि तो मात्र तारेच्या हालचालीने चालवा. पॅच भिंतीबरोबर, मुखवटा तारेबरोबर. नवखे दोन्ही तारेला बांधतात आणि मग विटा भिंतीवरून सरकत जातात.

मग उरते बारीकसारीक. एक फ्रेम संपूर्ण शॉटला पुरत नसेल तर १०१० आणि १०९० वर आणखी दोन पॅच करून एकातून दुसऱ्यात विरघळवा. मध्येच ढग सरकून ऊन बदलले असेल तर पॅचचा उजेड मूळ भिंतीप्रमाणे की-फ्रेम करून बदला. तारेच्या पुढून कुणी सायकलवरून गेला असेल तर त्याचे रोटो करून त्याला परत वर ठेवा. पॅचवर मूव्ह, स्केल, ट्रॅक असे तीन नोड लागोपाठ ठेवले तर न्यूक ते एकत्र करून चित्र एकदाच गाळते, म्हणजे त्याचे पिक्सेल एकदाच नव्याने मोजते. त्यांच्यामध्ये रंगदुरुस्तीचा एक साधा ग्रेड नोड घातला की चित्र पुन्हा पुन्हा गाळले जाते आणि विटा मऊ पडतात. रंगदुरुस्ती ट्रान्सफॉर्मच्या आधी किंवा नंतर, मध्ये नको. शेवटी ग्रेन. गोठवलेल्या फ्रेमवर ग्रेन हलत नाही, आणि थिएटरच्या पडद्यावर तेवढा पट्टा मेल्यासारखा उठून दिसतो. लाल, हिरवा, निळा चॅनल एकेक करून बघा. निळ्यात ग्रेन सहसा सर्वांत जाड असते, तेव्हा तिन्हींना एकच माप लावून भागत नाही.

हिरवा पडदा तिसऱ्या महिन्यात. रविवार पेठेतून किंवा लक्ष्मी रोडवरून अंगावर चकाकी नसलेले, सुती, भडक हिरवे कापड घ्या, सॅटिन नको. इस्त्री करा, प्रत्येक चुणी ही वेगळी छटा असते. गच्चीवर, जून ते सप्टेंबरमधल्या ढगाळ दिवशी उजेड आयता सारखा पडतो. एप्रिलच्या दुपारी हे करू नका. माणूस पडद्यापासून तीन मीटर पुढे उभा करा, म्हणजे हिरवा परावर्तित होऊन त्याच्या खांद्यावर येत नाही आणि त्याची सावली कापडावर पडत नाही. कंबरेच्या वरचा शॉट घ्या, पाय नकोत. हिरवा पडदा वापरण्याचे एक कारण सेन्सरमध्येच आहे: बायर रचनेत हिरवे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून तो चॅनल सर्वांत स्वच्छ मिळतो. पण नवरीच्या वेशातली मुलगी उभी करणार असाल तर हिरवा चुडा आणि हिरवा शालू हवेत विरून जातील. तिथे निळे कापड. पैठणीच्या जरीतही हिरवा उतरतो, तिला सरावापुरती सुट्टी द्या.

एका कीने सगळे जमवायला जाऊ नये. कीलाइट हे की काढण्याचे साधन असो वा दुसरे काही, एक मऊ की केसांच्या कडेसाठी, एक कडक की शरीराच्या आतल्या भागासाठी, आणि बाकी कचऱ्यासाठी हाताने काढलेला आकार, असे तीन मॅट जोडा. पांढरा आणि काळा खेचण्याचे स्लायडर जपून फिरवा. मॅट कडक करून भोके बुजवली की केस हेल्मेटसारखे दिसतात. डिस्पिलचे, म्हणजे माणसावर उतरलेला हिरवा काढण्याचे, सर्वांत साधे सूत्र: हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर सरासरीइतकाच ठेवा. याने कड काळवंडते, कारण हिरव्याबरोबर उजेडही जातो. तेवढा उजेड नव्या पार्श्वभूमीच्या रंगात परत घालायचा.

जुळवणीत आधी काळा पाहा, मग पांढरा, मग रंग. व्ह्यूअरचा गॅमा वर चढवला की दोन प्लेटच्या काळ्यांतली तफावत उघडी पडते. वेताळ टेकडीवरून सिंहगड दिसतो तेव्हा त्याचा सर्वांत गडद भाग काळा नसतो, निळसर करडा असतो. त्या अंतरावर बसवलेला ड्रॅगन काळाभोर ठेवला तर तो टेकडीवरच्या कठड्यावर बसल्यासारखा वाटेल. पार्श्वभूमीचा उजेड कडेवर पसरवणारा लाइट रॅप नावाचा इफेक्ट मिळाला की नवखे तो सगळीकडे फासतात आणि माणसे ट्यूबलाइटसारखी उजळतात. मूळ प्लेटमध्ये त्या अंतरावर कड किती मऊ आहे ते मोजा आणि तेवढेच करा. थ्रीडीचे पास (रेंडरचे प्रकाश, चमक असे सुटे भाग) जोडण्याबद्दल एवढेच सांगतो: ब्लेंडरमधून ईएक्सआर काढा, पास परत एकत्र करा, आणि मूळ रेंडरशी वजाबाकी करून पाहा. उत्तर काळे आले तरच पुढे जा.

पालकांसाठी धंद्याची बाजूही सांगायला हवी. पुण्या-मुंबईत येणारे बरेचसे रोटो-प्रेप परदेशी चित्रपटांचे असते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि अभिनेते संपावर गेले तेव्हा इथले काम आटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्स स्टुडिओ चालवणारा समूह कोसळला, त्यात भारतातल्या कर्मचाऱ्यांच्याही नोकऱ्या गेल्या. माणूस आपोआप कापून देणारी एआयची साधने आली आहेत आणि ती दर काही महिन्यांनी सुधारतात. सध्या त्यांची कड चालत्या शॉटमध्ये थरथरते आणि बोटे, केस, धूसर हालचाल इथे ती गडबडतात, तेव्हा दुरुस्तीला माणूस लागतो. पण नुसते साधे रोटो करणाऱ्याची जागा आकसते आहे. ज्याला वरचे अल्फाचे गणित येते तो रोटोतून कंपोझिटिंगकडे सरकू शकतो. ज्याला फक्त आकार ओढता येतो त्याचे कठीण आहे. आणखी एक बाब कुणी सांगत नाही: सुरक्षेच्या नियमांमुळे बहुतेक स्टुडिओंच्या फ्लोअरवर इंटरनेट नसते आणि मोबाइल दाराशी जमा होतो. यूट्यूब उघडून बघू, ही सोय तिथे नाही.

तीन महिन्यांनंतरही मुलाला क्लास लावायचाच असेल तर जरूर लावा. चांगल्या शिक्षकाने शॉटवर बोट ठेवून दाखवलेली चूक घरी बसून सापडत नाही. संस्थेत गेल्यावर काचेची केबिन आणि माजी विद्यार्थ्यांचे फोटो बघून झाले की मोजके विचारा. विद्यार्थ्यांना ईएक्सआर प्लेट मिळतात की दाबलेल्या व्हिडिओ? न्यूकचे परवाने किती आणि बॅचमध्ये मुले किती? शिकवणाऱ्याने शेवटचा शॉट कधी केला? रील, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुन्यांची फीत, साठ ते नव्वद सेकंदांची करून घेतात का, आणि तिच्यात मूळ प्लेट, मधले टप्पे आणि शेवटचा शॉट असे दाखवायला लावतात का? सगळ्या विद्यार्थ्यांच्या रीलमध्ये तोच उडणारा रोबो दिसला तर तो शिक्षकाचा प्रोजेक्ट आहे. मग कुठल्याही विद्यार्थ्याचा एक पूर्ण झालेला शॉट उघडायला सांगा, मधल्या फ्रेमवर थांबवा, कड दोनशे टक्के मोठी करा आणि अल्फा चॅनल दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर चहा पिऊन पुढच्या संस्थेत जा.

आपले,
कंपोझिटिंगच्या कामातले काही जण, पुणे